तेरीज जुळली, पण दार चुकले

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराला लागून अभ्यासिकेची एक खोली आहे. कचेरी सुटल्यावर आठवड्यातून तीन संध्याकाळी मी तेथे बसतो. मुलांच्या वह्या पाहणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, दाखल्याला कोणते कागद लागतात ते पालकांना सांगणे, एवढेच माझे काम. खोलीत दोन जुने संगणक आहेत. २०२५ सालच्या उन्हाळी सुट्टीत या संगणकांभोवती मुलांची गर्दी वाढू लागली, तेव्हा मी कपाळाला आठ्या घालूनच चौकशी केली. आठवीतली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "काका, खेळत नाही. बांधतोय."

मुले मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, अभ्यासाचे नाव घेत नाहीत, ही तक्रार आज घराघरांत ऐकू येते. मीही तीच तक्रार करणाऱ्यांपैकी एक. परंतु त्या पंधरा दिवसांत जे पाहिले ते पालकांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ठोकळ्यांचे जग

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधील मार्कस पर्सन या तरुणाने २००९ साली तो प्रथम लोकांपुढे आणला आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजी त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने हा खेळ बनवणारी मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. २०२३ पर्यंत या खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या.

खेळातील जग चौकोनी ठोकळ्यांचे आहे. माती, दगड, लाकूड, वीट, सारे ठोकळेच. प्रत्येक ठोकळ्याची लांबी, रुंदी, उंची एक मीटर धरलेली असते. खेळाचा एक प्रकार असा आहे की त्यात शत्रू नाही, भूक नाही, मरण नाही. हवे तेवढे ठोकळे मिळतात, हवेत उडता येते आणि मनात येईल ते बांधता येते. आमची मुले तोच प्रकार खेळत होती.

त्या मुलीने बांधलेले पहिले घर मला दाखवले. दहा ठोकळे रुंद भिंत, एक ठोकळा रुंद दार. पण दार मध्यावर काही येईना. डाव्या बाजूला चार ठोकळे उरत, उजव्या बाजूला पाच. तिने दार सरकवले, तर डाव्या बाजूला पाच आणि उजव्या बाजूला चार. तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझं घर वाकडं आहे." दोघांचे भांडण लागले. मी दोघांना वहीच्या चौकटी मोजायला बसवले. दहा मिनिटांनी तीच ओरडली, "काका, दहाला मधली वीटच नाही!"

वाचकहो, सममित इमारतीचे पहिले सूत्र एवढेच आहे. विषम संख्येला मधला ठोकळा असतो, सम संख्येला नसतो. दार एका ठोकळ्याचे हवे असेल तर भिंत नऊ, अकरा, तेरा अशी विषम धरावी. दुहेरी दार हवे असेल तर भिंत आठ, दहा, बारा अशी सम धरावी. एकदा विषम भिंत धरली की छपराचा कळस, समोरची वाट, मधली खिडकी, सारेच विषम रुंदीचे धरावे लागते. म्हणजे बांधायला लागण्यापूर्वी मोजायचे, आणि मोजण्यापूर्वी दार ठरवायचे. अर्धी भिंत उभी राहिल्यावर मध्य शोधू गेले तर तो सापडत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य जमा-नावे करण्यात गेले. दोन्ही बाजूंची बेरीज जुळल्याशिवाय खतावणी बंद होत नाही, हे मला पक्के माहीत. त्यामुळे हा खेळ मला लगेच जवळचा वाटू लागला. माझ्या या जवळिकीला पुढे कसा धक्का बसला, ते आता सांगतो.

सांचीचा आराखडा

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमा होती. मुलांनी ठरवले की त्या दिवशी विहारात संगणक मांडायचा आणि लोकांना आपण बांधलेला सांचीचा स्तूप दाखवायचा. वस्तीतल्या कितीतरी लोकांनी सांची पाहिलेली नाही. त्यांना खुर्चीत बसून स्तूपाभोवती फिरता येईल, ही कल्पना मलाही आवडली.

सांचीचा मोठा स्तूप मध्य प्रदेशात विदिशेजवळच्या टेकडीवर आहे. आतला मूळ स्तूप विटांचा, सम्राट अशोकाच्या काळातला, म्हणजे इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातला. पुढे शुंग काळात तो दगडांनी मढवून मोठा करण्यात आला. चार दिशांची चार कोरीव तोरणे सातवाहन काळात, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास उभी राहिली. १९८९ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे. एक ठोकळा एक मीटरचा, म्हणजे ३७ ठोकळे. ३७ ही विषम संख्या, म्हणजे मधला ठोकळा आहे! मुलांनी त्या मधल्या जागी एक लाल ठोकळा पुरला आणि शेवटपर्यंत तो हलवला नाही. सारी मापे त्याच्यापासून घेतली. उंची सुमारे साडेसोळा मीटर. खेळात अर्धा ठोकळाही मिळतो, त्यामुळे तीही साधली.

आता प्रश्न आला, चौकोनी ठोकळ्यांतून गोल कसा काढायचा? येथे नववी-दहावीची मुले पुढे आली. काटकोन त्रिकोणाचे पायथागोरसचे सूत्र त्यांना पाठ होते. त्रिज्या साडेअठरा, तिचा वर्ग ३४२.२५. मध्यापासून दहाव्या रांगेत किती ठोकळे येतील? ३४२.२५ मधून दहाचा वर्ग १०० वजा केला, उरले २४२.२५. त्याचे वर्गमूळ साडेपंधराच्या किंचित वर. पूर्ण ठोकळे पंधरा. म्हणजे डावीकडे १५, मधला १, उजवीकडे १५, मिळून ३१. अशा रीतीने मधल्या रांगेत ३७ आणि अगदी कडेच्या, अठराव्या रांगेत ९ ठोकळे आले. शाळेत या सूत्राचे दोन गुण मिळतात. येथे मुलांनी त्यातून स्तूपाचा पाया काढला.

साऱ्या वर्तुळाचे गणित करावे लागले नाही, हीच सममितीची किमया. एक अष्टमांश भाग कागदावर काढला की बाकीचे सात भाग त्याचीच प्रतिबिंबे असतात. घुमटाचे वरचे थर म्हणजे लहान लहान होत जाणारी वर्तुळे. त्यांच्याखाली उंच जोते, ज्याला मेधी म्हणतात. वर चौकोनी कठडा, म्हणजे हर्मिका, आणि तिच्या मधोमध छत्रदंडावर तीन छत्रे. दक्षिण बाजूला मेधीवर चढण्यासाठी दोन जिने आहेत, एक पूर्वेकडून चढणारा, एक पश्चिमेकडून. एक जिना बांधला, दुसरा आरशातल्यासारखा उलटा बांधला. तोही बरोबर बसला.

राहिली चार तोरणे आणि स्तूपाभोवतीचा दगडी कठडा, म्हणजे वेदिका.

आजींनी काढलेली चूक

त्या मुलीने छायाचित्रे आणि नकाशा पाहून दक्षिणेचे दार हाताने बांधले. त्यात दोन दिवस गेले. खेळात स्ट्रक्चर ब्लॉक नावाचा एक खास ठोकळा आहे. बांधलेला भाग त्यात साठवता येतो आणि दुसरीकडे जसाच्या तसा, आरशात उलटवून किंवा काटकोनात फिरवून उभा करता येतो. तिने दक्षिणेचे दार आरशात उलटवून उत्तरेला उभे केले. पश्चिमेचे दार पुन्हा हाताने बांधले आणि ते उलटवून पूर्वेला ठेवले. वरून पाहिले तर चार दिशांना चार तोरणे, समोरासमोरची अंतरे सारखी, ठोकळ्यांची संख्या सारखी. मी स्वतः कागदावर दोन्ही बाजूंची बेरीज मांडली. ठोकळा न् ठोकळा जुळला. "झाले, तेरीज जुळली," असे म्हणून मी पाठ थोपटली.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या आजी नातीला न्यायला आल्या. काही वर्षांपूर्वी वस्तीतील बायकांची सांचीला सहल गेली होती, तिच्यात आजी होत्या. मुलांनी त्यांना खुर्चीत बसवले आणि दक्षिणेच्या दारातून आत नेले. आजींनी हात जोडले. मग उत्तरेच्या दारातून आत नेले. आजी गप्प झाल्या. पुन्हा एकदा दोन्ही दारांतून न्यायला सांगितले. मग म्हणाल्या, "अगं पोरी, त्या दारातनं शिरलं की वाट डावीकडं वळती अन् सरळ फेरी होती. ह्या दारातनं शिरलं की उजवीकडं वळती, उलटी फेरी होती. मानसं एकमेकांवर आदळतील की!"

सारे नकाशावर वाकले. आजींचे बरोबर होते.

सांचीच्या तोरणातून शिरून सरळ स्तूपाकडे जाता येत नाही. समोर कठडा आडवा येतो आणि काटकोनात वळूनच प्रदक्षिणेच्या वाटेला लागावे लागते. नकाशा वरून पाहिला तर कठड्याच्या वर्तुळाला चार बाहू फुटलेले आणि चारही बाहू एकाच फेरीने वाकलेले दिसतात. स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरायचे ही प्रदक्षिणेची रीत. कोणत्याही दिशेने आलेला माणूस त्याच एका फेरीत सामील व्हावा, अशी ही मांडणी आहे. दार आरशात उलटवले की त्याचे वळणही उलटते. मुलीने बांधलेल्या स्तूपात चारांपैकी दोन दारे लोकांना उलट्या दिशेने पाठवत होती.

मुलांना हे समजावण्यासाठी मी कागदाचे भिरभिरे केले. भिरभिऱ्याची चारही पाती सारखी असतात. एक पाते काटकोनात फिरवले की पुढच्या पात्यावर बरोबर बसते. पण भिरभिरे आरशासमोर धरले तर आरशातले भिरभिरे उलट्या बाजूला वळलेले दिसते. म्हणजे सममिती दोन प्रकारची. एक आरशाची, जशी आपल्या दोन हातांची किंवा स्तूपाच्या दोन जिन्यांची. दुसरी फिरवण्याची, जशी भिरभिऱ्याची किंवा सांचीच्या चार दारांची. एकाच वास्तूत दोन्ही असू शकतात, आणि कोणत्या जागी कोणती हे ओळखणे हेच खरे काम.

आणि माझी तेरीज? वाणिज्यच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, ते मी पंचवीस वर्षे कचेरीत बसून विसरलो होतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नाही. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात चढली तरी तेरीज जुळते. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंना लिहायचाच राहून गेला तरी जुळते. जुळणे ही पहिली परीक्षा आहे, शेवटची नव्हे. शेवटची परीक्षा, ज्याचे खाते आहे त्याला विचारल्यावर होते. ठोकळे मी मोजले होते. वाट मात्र आजी चालल्या होत्या.

त्या रात्री मुलांनी उत्तरेचे आणि पूर्वेचे दार पाडले. दक्षिणेचे दार अर्धा फेरा फिरवून उत्तरेला उभे केले आणि पाव फेरा फिरवून पूर्वेला. पहिल्यांदा दार दोन ठोकळे बाजूला बसले, कारण साठवलेला भाग मध्यावरून नव्हे तर कोपऱ्यावरून धरला जातो. पुन्हा लाल ठोकळ्यापासून मोजले. रात्री साडेनऊ वाजता चारही दारे जागेवर आली आणि आजींना परत बोलावण्यात आले. त्या चारही दारांतून फिरल्या आणि "आता बराबर हाय" एवढेच म्हणाल्या.

दगडातही चूक होते

मुलगी जरा खट्टू झाली होती. तिला मी सांचीचीच एक हकीगत सांगितली. १८१८ साली इंग्रज अधिकारी जनरल टेलर यांनी सांचीची नोंद केली, तेव्हा दक्षिणेचे तोरण पडलेले होते. १८८० च्या दशकात ते पुन्हा उभारण्यात आले. त्या वेळी त्याच्या काही आडव्या तुळया मागचे तोंड पुढे करून बसवल्या गेल्या, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्या आजही तशाच आहेत. दगडाची तुळई उतरवून फिरवणे सोपे नाही. ठोकळ्यांच्या खेळात मात्र चूक एका रात्रीत सुधारता येते. नवशिक्याला चुकायला जागा देणारे साधन म्हणून मला या खेळाचे मोल वाटते.

दुसरी एक गोष्ट मुलांना फार आवडली. सांचीच्या कठड्यांवर आणि फरशांवर शेकडो दानलेख कोरलेले आहेत. भिक्खू, भिक्खुणी, गृहिणी, व्यापारी, कारागीर अशा सामान्य माणसांनी एकेक दगड दान दिला, त्याच्या या नोंदी. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीव काम केल्याचा लेख आहे. एक दान तर राजाच्या लिपिकाराचे आहे. लिपिकार म्हणजे आजच्या भाषेत कारकून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माझ्याच धंद्याच्या त्या माणसाचा दगड तेथे आहे, हे वाचून मला काय वाटले ते लिहिता येत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांनी दुसऱ्यांच्या इमारतींसाठी डोक्यावरून विटा वाहिल्या. नकाशा त्यांच्या हाती कधी कोणी दिला नाही. दार कोठे असावे, हे त्यांना कोणी विचारले नाही. आठवीतली मुलगी नकाशा काढते आणि वस्तीतली आजी तो तपासते, हे मी त्या रात्री पाहिले. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रसंघाची वस्त्यांविषयी काम करणारी संस्था, यूएन हॅबिटॅट, याच खेळाचा उपयोग अशा कामासाठी करीत आली आहे. 'ब्लॉक बाय ब्लॉक' हे त्या उपक्रमाचे नाव. नैरोबीच्या किबेरा या गरीब वस्तीपासून अनेक ठिकाणी रहिवाशांनी स्वतः ठोकळ्यांतून आपल्या मैदानांचे आणि मोकळ्या जागांचे आराखडे मांडले. जे जागा वापरणार त्यांनीच ती आखावी, हा त्यामागचा विचार.

घरी काय करता येईल

पालकांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आटोपते घेतो.

माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी लुआंटी नावाचे मोफत साधन आहे. २०२४ पर्यंत त्याला मिनेटेस्ट म्हणत. त्यातही ठोकळ्यांनीच बांधता येते. तेही नसेल तर गणिताची चौकटींची वही पुरे. एक चौकट म्हणजे एक ठोकळा.

आधी दार ठरवा, मग सम की विषम ते ठरवा, मग मध्यावर लाल खूण करा. एकच बाजू काढा. कागद मध्यावर दुमडून उजेडासमोर धरा आणि दुसरी बाजू गिरवा. ही आरशाची सममिती. नंतर पातळ कागद नकाशावर ठेवा, मध्यावर टाचणी रोवा आणि कागद पाव फेरा फिरवा. आकृती आकृतीवर बसली तर ती फिरवण्याची सममिती. सातवी-आठवीच्या मुलाला हे एका दुपारी येते.

खेळण्याची वेळ बांधून द्या. आमच्या अभ्यासिकेत एका मुलाला पाऊण तास मिळतो, आणि संगणकापुढे बसण्यापूर्वी कागदावरचा नकाशा दाखवावा लागतो. नकाशा नसेल तर त्या दिवशी नंबर नाही. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, आता मुले वही घेऊनच येतात.

आणि इमारत पुरी झाली की घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला तिच्यातून फिरवून आणा. तो शिकलेला असलाच पाहिजे असे नाही.

पौर्णिमेच्या दिवशी विहारात संगणकापुढे रांग लागली होती. कोणी दक्षिणेच्या दारातून शिरत होते, कोणी उत्तरेच्या. सारेजण एकाच दिशेने फिरत होते. रांगेत सर्वांत पुढे आजी बसल्या होत्या आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "डावीकडं वळ, डावीकडं."